मोठी डिजिटल निगेटिव्ह: घरच्या प्रिंटरपासून डार्करूममधल्या कॉन्टॅक्ट प्रिंटपर्यंत

कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये निगेटिव्ह जेवढी, तेवढीच प्रिंट. निगेटिव्ह थेट फोटोच्या कागदावर ठेवायची, वर काच ठेवून दाबायची, मोजून प्रकाश द्यायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये टाकायचा. एकोणिसाव्या शतकातली बहुतेक छायाचित्रं अशीच छापली गेली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली, त्या काळातले छायाचित्रकार मोठ्या निगेटिव्ह कागदावर दाबून उन्हात ठेवत आणि प्रिंट काढत. पुढे एन्लार्जर, म्हणजे लहान निगेटिव्हची प्रतिमा कागदावर मोठी करून पाडणारं यंत्र, आला, निगेटिव्ह लहान झाली आणि ही पद्धत मागे पडली. तरी काहींनी ती सोडली नाही. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन आपल्या ८×१० इंची निगेटिव्ह एका साध्या टांगत्या बल्बखाली छापायचा, एन्लार्जरशिवाय.

आज ८×१० चा कॅमेरा आणि त्याची फिल्म आपल्याकडे मिळवणं म्हणजे खर्च आणि वाट पाहणं. पण तेवढी निगेटिव्ह घरी छापता येते. फोटो मोबाइलचा असो, डिजिटल कॅमेऱ्याचा असो किंवा जुन्या ३५ मिमी फिल्मवरून स्कॅन केलेला. कॉम्प्युटरवर तो उलटा करायचा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, आणि पारदर्शक फिल्मवर इंकजेट प्रिंटरने काढायचा. १९९०च्या दशकात डॅन बर्कहोल्डर या अमेरिकी छायाचित्रकाराने डिजिटल निगेटिव्ह लोकप्रिय केली, तेव्हा ती छापखान्यांना फिल्म काढून देणाऱ्या इमेजसेटरवर काढावी लागे. आता टेबलावरचा प्रिंटर पुरतो.

‘मग त्या प्रिंटरवर सरळ फोटोच का नाही काढायचा?’ हा प्रश्न घरातलं कोणीतरी विचारतंच. इंकजेटमध्ये रंग कागदाच्या पृष्ठभागावर बसतो, तर चांदीच्या, म्हणजे डार्करूमच्या, कागदात काळेपणा जिलेटिनच्या थराच्या आत तयार होतो. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात बघा. फरक दिसला नाही तर हा उद्योग तुमच्यासाठी नाही, आणि तुमचे पैसे वाचले.

हा लेख साध्या सिल्व्हर जिलेटिन कागदासाठी, म्हणजे डार्करूममधल्या नेहमीच्या व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट (ज्याचा काळ्या-पांढऱ्यातला फरक फिल्टरने बदलता येतो अशा) ब्लॅक अँड व्हाइट कागदासाठी आहे. डार्करूमची तोंडओळख तुम्हाला आहे असं मी धरलं आहे. सायनोटाइप या निळ्या प्रिंटच्या जुन्या पद्धतीबद्दल शेवटी थोडं सांगतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: आवडता फोटो पहिल्या दिवशी छापायला घेऊ नका. निगेटिव्ह एकटी कधीच चांगली किंवा वाईट नसते. ती एका ठरावीक कागदाला, ठरावीक दिव्याला आणि ठरावीक डेव्हलपरला जुळते किंवा जुळत नाही. ही जुळणी आधी राखाडी पट्ट्यांवर करायची. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळणारे लोक नंतर महाग कागदाची पाकिटं उडवतात.

काय काय लागेल

प्रिंटर हवा इंकजेट. रंगांची संख्या जास्त तितकं बरं, कारण फिकट शाया असल्या की ठिपके कमी दिसतात. एप्सनचे सहा रंगांचे टँकवाले फोटो प्रिंटर, म्हणजे ए४ साठी एल-८०५ किंवा एल-८०५० आणि ए३+ साठी एल-१८०० किंवा एल-१८०५०, आपल्याकडे स्टुडिओवाल्यांकडे सर्रास दिसतात आणि सुरुवातीला पुरेसे आहेत. त्यात डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, असते. पिगमेंट शाईचे (म्हणजे बारीक रंगकण असलेल्या शाईचे) पी मालिकेतले प्रिंटर जास्त चांगले, पण फक्त या कामासाठी घेण्याची घाई नको. लेझर प्रिंटर आणि बटर पेपर ही जोडी मात्र विसरा. लग्नपत्रिकेच्या स्क्रीनसाठी ती चालते, कारण तिथे फक्त काळं आणि पांढरं असतं. फोटोतल्या मधल्या छटा टोनरला नीट जमत नाहीत, शिवाय बटर पेपरचे तंतू प्रिंटमध्ये उतरतात.

फिल्म इंकजेटसाठी लेप दिलेलीच हवी. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी साधी ओएचपी शीट घेतलीत तर शाई थेंबाथेंबाने गोळा होऊन ओघळते. परदेशात पिक्टोरिको या नावाची फिल्म या कामासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे स्क्रीन प्रिंटिंगचं साहित्य विकणाऱ्या दुकानात ‘इंकजेट पॉझिटिव्ह फिल्म’ मागा. ए४, ए३ आणि रोलमध्ये मिळते. थोडी दुधी दिसते, त्याने बिघडत नाही. दोन प्रकारच्या फिल्म थोड्या थोड्या आणा, पट्टी काढून बघा, आणि मग एकच ठरवून तिचं मोठं पाकीट घ्या. ब्रँड बदलला की सगळी मोजमापं पुन्हा करावी लागतात.

काच पाच किंवा सहा मिलिमीटर जाडीची, कागदापेक्षा सगळीकडून इंचभर मोठी. फ्रेमवाल्याकडून कापून घ्या आणि कडा घासून द्यायला सांगा. अंधारात हात कापला तर मजा जाते. ओरखडा किंवा बुडबुडा असलेली काच दुकानातच नाकारा. कागदाखाली फोमचा सपाट तुकडा लागतो, योगा मॅटचा तुकडा मस्त चालतो. काचेचं वजन आणि खालचा मऊपणा यांमुळे निगेटिव्ह कागदाला सगळीकडे सारखी चिकटून बसते. मागची पाठ अर्धी उघडणाऱ्या लाकडी प्रिंटिंग फ्रेम सुंदर दिसतात, पण त्यांचा खरा उपयोग प्रतिमा उन्हात हळूहळू डोळ्यांसमोर उमटते अशा पद्धतींत. चांदीचा कागद डेव्हलपरमध्ये जाईपर्यंत कोराच दिसतो, त्यामुळे मधेच उघडून बघण्यासारखं काही नसतं.

प्रकाशासाठी एन्लार्जर सगळ्यात सोयीचा. त्याची उंची, लेन्सचं छिद्र आणि टायमर ठरवून ठेवता येतो आणि कॉन्ट्रास्टचे फिल्टरही त्यातच बसतात. एन्लार्जर नसेल तर वेस्टनसारखा टांगता बल्ब चालेल, पण कमी वॉटचा घ्या आणि टायमर लावा. आधुनिक कागद इतके जलद आहेत की मोठ्या बल्बखाली एक्स्पोजर सेकंदाच्या आत आटपतं आणि मग हाताने वेळ साधत नाही.

आणि एक साधा फ्लॅटबेड स्कॅनर. डेन्सिटोमीटर, म्हणजे छटेची घनता (डेन्सिटी) मोजणारं उपकरण, असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. एकवीस पायऱ्यांची स्टाउफरची पारदर्शक पट्टी मिळाली तर जरूर घ्या. तिच्या प्रत्येक पायरीत ०.१५ डेन्सिटीचा, म्हणजे अर्ध्या स्टॉपचा फरक असतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). कागद किती लांबीची छटा पेलतो हे ती एका एक्स्पोजरमध्ये सांगते. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत पायऱ्या मोजायच्या आणि ०.१५ ने गुणायचं. आठ पायऱ्या आल्या तर १.२. ग्रेड म्हणजे कॉन्ट्रास्टची पायरी, ०० सगळ्यात मऊ. व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागदाला ग्रेड २ वर साधारण १.१ आणि ग्रेड ०० वर १.८ च्या आसपास पल्ला मिळतो.

प्रिंटरची सेटिंग एकदाच ठरवा

इथे खूप नवशिके अडखळतात, म्हणून सावकाश वाचा. प्रिंटरच्या ड्रायव्हरला आपल्या भल्यासाठी रंग ‘सुधारायची’ सवय असते. ती बंद करायची. कलर करेक्शनमध्ये ‘ऑफ’ किंवा ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ निवडा. कागदाचा प्रकार ग्लॉसी फोटो पेपर ठेवा, दर्जा सगळ्यात वरचा, आणि ‘हाय स्पीड’ची टिकली काढून टाका. हाय स्पीडमध्ये प्रिंटरचं डोकं जाताना आणि येताना दोन्ही वेळा शाई फवारतं आणि त्याच्या रेषा जुळल्या नाहीत तर पट्टे पडतात. बॉर्डरलेस वापरू नका. त्यात चित्राचं माप गुपचूप वाढवलं जातं. ही सगळी सेटिंग नाव देऊन सेव्ह करा आणि भिंतीवर लिहून चिकटवा.

शाई फक्त काळी की सगळ्या रंगांची? फक्त काळ्या शाईत ठिपके उघडे पडतात, विशेषतः चकचकीत कागदावर. सगळे रंग मिसळून केलेला राखाडी मऊ दिसतो, पण त्यात एक मेख आहे. व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागद प्रकाशाच्या रंगावर कॉन्ट्रास्ट बदलतो: पिवळ्यातून गेलेला प्रकाश त्याला मऊ करतो, मॅजेंटातून गेलेला कडक. म्हणजे तुमच्या राखाडीत रंगाची किंचितही झाक असेल तर निगेटिव्ह स्वतःच फिल्टरसारखी वागते, आणि ती झाक गडद भागात वेगळी, फिकट भागात वेगळी असू शकते. यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण आपण जी मोजणी करणार आहोत तिच्यात हा सगळा गोंधळ आपोआप धरला जातो. फक्त एकदा निवडलेला मार्ग मध्येच बदलायचा नाही. माझं मत विचाराल तर सहा रंगांच्या प्रिंटरवर सगळ्या रंगांनी सुरुवात करा.

फिल्मची लेपाची बाजू ओळखायला ओलसर बोट कोपऱ्याला लावा. जी बाजू चिकट लागते ती लेपाची. छपाई त्याच बाजूवर. नवी निगेटिव्ह काढण्याआधी दर वेळी साध्या कागदावर नोझल चेक करा. एक तुंबलेलं नोझल कागदावरच्या फोटोत लपून जातं, पण निगेटिव्हमध्ये नाही. निगेटिव्हचा सगळ्यात गडद भाग म्हणजे प्रिंटमधलं आकाश, आणि सपाट आकाशात केसाएवढी रेषसुद्धा ओरडते.

छापलेली फिल्म हाताला कोरडी लागली तरी लगेच वापरू नका. एक रात्र उघडी ठेवा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर एक रात्रही पुरत नाही. स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, किंवा हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या. अर्धवट सुकलेली शाई काचेच्या वजनाखाली फोटोच्या कागदाला लागते, आणि सुकताना तिची घनताही बदलते, म्हणजे आजची मोजणी उद्या खोटी.

पहिली चाचणी: काळं किती सेकंदांत होतं

एका फिल्मच्या तुकड्यावर काहीही न छापता तो प्रिंटरमधून नुसता बाहेर काढा, किंवा छापलेल्या फिल्मचा कोरा भाग घ्या. फोटोच्या कागदाच्या पट्टीचा अर्धा भाग त्याने झाका, अर्धा उघडा ठेवा. वर काच. आता पुठ्ठा सरकवत टप्प्याटप्प्याने एक्स्पोजर द्या. टप्पे बेरजेचे नकोत, गुणाकाराचे हवेत: ४, ५.६, ८, ११, १६, २२ सेकंद. यात प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा अर्धा स्टॉप पुढे जातो.

पट्टी नेहमीप्रमाणे डेव्हलप करा. आरसी (प्लास्टिकचा थर दिलेला) कागद असेल आणि इलफर्डचा मल्टिग्रेड डेव्हलपर १+९ पातळ केलेला असेल तर २० अंश सेल्सियसला एक मिनिट, फायबर (प्लास्टिकच्या थराशिवायच्या) कागदाला दोन मिनिटं. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच तीस अंशांच्या आसपास असतं. ट्रे एका मोठ्या परातीत ठेवून परातीत बर्फाचं पाणी घाला. तेही नको असेल तर २६ अंश ठरवा, पण मग कायम २६च. आकडा कोणता यापेक्षा तो रोज तोच असणं महत्त्वाचं.

पट्टी धुऊन पूर्ण वाळवा, कारण ओला कागद वाळल्यावर थोडा गडद होतो. मग भरपूर उजेडात बघा. फिल्मखालचा भाग आणि उघडा भाग, दोन्ही सारखेच काळे दिसायला लागतात तो पहिला टप्पा शोधा. समजा तो ११ सेकंदांचा आहे. तुमचं मूळ एक्स्पोजर ११ सेकंद. एन्लार्जरची उंची, छिद्र, फिल्टर, सगळं वहीत लिहा. पुढे प्रिंट फिकी आली म्हणून सेकंद वाढवायचे आणि गडद आली म्हणून कमी करायचे, ही डार्करूमची जुनी सवय इथे सोडावी लागते. सेकंद आता हलवायचे नाहीत. जे काही बदलायचं ते फाइलमध्ये.

‘थोडं जास्त दिलं तर काळं आणखी खोल येईल’ असंही नाही. कागद त्याच्या कमाल काळेपणाच्या पुढे जात नाही. जास्तीच्या प्रकाशाने फक्त सावलीतले जवळजवळचे टोन एकमेकांत बुडतात.

दुसरी चाचणी: पांढरं खरंच पांढरं येतं का

आता एकवीस चौकोनांची पट्टी बनवा. ग्रेस्केल फाइल, १६-बिट, गॅमा २.२, काळेपणा ० टक्के, ५ टक्के, १० टक्के असं करत १०० पर्यंत. प्रत्येक चौकोन सेंटिमीटरभर तरी मोठा ठेवा आणि खाली आकडा लिहा. ही पट्टी उलटी करून निगेटिव्ह म्हणून फिल्मवर काढा, सुकवा, आणि मूळ एक्स्पोजरवर छापा.

प्रिंटमध्ये ० टक्क्यांचा चौकोन, म्हणजे निगेटिव्हवर जिथे शाई पूर्ण भरलेली होती तो, कागदाच्या कोऱ्या पांढऱ्याइतका पांढरा यायला हवा. तीन शक्यता आहेत. तो राखाडी आला तर शाई प्रकाश पुरेसा अडवत नाही: जास्त शाई सोडणारा कागदाचा प्रकार निवडून बघा, किंवा एन्लार्जरमध्ये वरच्या ग्रेडचा फिल्टर लावा. तो पांढरा आला आणि ५ टक्क्यांच्या चौकोनात जेमतेम छटा दिसली, तर तुम्ही नशीबवान. तो पांढरा आला, पण ५, १०, १५, पार ३० टक्क्यांपर्यंतचे चौकोनही पांढरेच राहिले, तर निगेटिव्ह कागदाला झेपत नाही इतकी कडक आहे. चांदीच्या कागदावर बहुधा हेच होतं, कारण दृश्य प्रकाशाला काळी शाई चांगली अडवते.

या तिसऱ्या वेळी ग्रेड खाली आणा, ०० पर्यंत गेलात तरी हरकत नाही. डार्करूममध्ये वाढलेल्या माणसाला ग्रेड ०० म्हणजे मचूळ प्रिंट असं वाटतं, पण इथे कॉन्ट्रास्ट निगेटिव्हमध्ये आधीच आहे. मऊ कागदावर शाईच्या एका पायरीमागे टोनची उडी लहान पडते, त्यामुळे छटा गुळगुळीत येतात आणि ठिपकेही दबतात. फिल्टर बदलला की पहिली चाचणी पुन्हा करायची, कारण फिल्टरगणिक लागणारे सेकंद बदलतात.

तिसरी चाचणी आणि कर्व्ह

दोन्ही टोकं जागेवर बसली. मधलं सगळं अजून वाकडं आहे. ते सरळ करणाऱ्या दुरुस्तीला कर्व्ह म्हणतात. यात गणित आहे, पण सहावीच्या वर्गातलं.

पट्टीची वाळलेली प्रिंट स्कॅन करा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधली आपोआप सुधारणा, धार वाढवणं, रंग उठावदार करणं, सगळं बंद. ग्रेस्केल, गॅमा २.२. प्रत्येक चौकोनाच्या मधल्या भागाचं सरासरी मूल्य घ्या. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये हिस्टोग्रामच्या खिडकीत ते दिसतं. समजा कोरा कागद २४० आणि पूर्ण काळं ३० आलं. मधला एखादा चौकोन १३५ आला. काळेपणा काढायचा तर २४० मधून १३५ वजा करा, उरले १०५. त्याला पूर्ण पल्ल्याने, म्हणजे २१० ने भागा. अर्धा. हा चौकोन प्रिंटमध्ये ५० टक्के काळा आहे.

आता बघा की फाइलमध्ये तो किती टक्क्यांचा होता. समजा ३०. म्हणजे तुमच्या साखळीत, फाइलपासून प्रिंटपर्यंतच्या सगळ्या प्रवासात, ३० टक्के टाकले तर ५० बाहेर येतात. मग ५० हवे असतील तेव्हा ३० टाकायचे. हाच कर्व्हवरचा एक बिंदू: आत ५०, बाहेर ३०. तसंच फाइलमधला १० प्रिंटमध्ये १८ आला असेल तर आत १८, बाहेर १०. फाइलमधला ५० प्रिंटमध्ये ७४ आला तर आत ७४, बाहेर ५०. एकवीस चौकोनांचा तक्ता असा उलटा वाचला की कर्व्ह तयार.

सगळे एकवीस बिंदू कर्व्हवर ठोकू नका. स्कॅनमधली धूळ आणि किरकोळ मोजणीच्या चुकांमुळे रेष दातेरी होते आणि मग मऊ आकाशात पायऱ्या दिसतात. आठ-दहा बिंदू घ्या, रेष एकसारखी वळती ठेवा, एखादा बिंदू रांगेबाहेर वाटला तर त्याला सोडून द्या. कर्व्ह फाइल पॉझिटिव्ह असतानाच लावायचा आणि त्यानंतर ती उलटी करायची. क्रम चुकला तर सगळं भलतीकडे जातं. सेव्ह करताना नावात प्रिंटर, फिल्म, कागद, ग्रेड आणि सेकंद लिहा. नाव लांबलचक होतं, होऊ द्या.

मग त्याच पट्टीला कर्व्ह लावून पुन्हा निगेटिव्ह काढा आणि छापा. या वेळी चौकोन समान अंतराने गडद होत गेलेले दिसायला हवेत. मोजून तीन-चार टक्क्यांचा फरक उरला असेल तर पुढे जा. फरक मोठा असेल तर तीच रीत पुन्हा एकदा. हे काम आपोआप करणारी साधनं आहेत, आणि क्वाडटोन रिपसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक शाईवर वेगळा ताबा देतं. पण पहिला कर्व्ह हातानेच काढा. पुढे काही बिघडलं तर कुठे बघायचं हे त्याशिवाय कळत नाही. दुसऱ्याने दिलेला कर्व्ह तर घेऊच नका. त्याची शाई, त्याचं पाणी, त्याचा दिवा वेगळा.

आता फोटो

माप आधी ठरवा. ए४ फिल्म ८.२७ इंच रुंद असते, त्यामुळे ८ इंची चित्र तिच्यावर जेमतेम बसतं आणि धरायला कडाच उरत नाही. ८×१० च्या कागदावर ७×९ चं चित्र ठेवलंत तर सुटसुटीत समास राहतो. ए३ वर ११×१४ पर्यंत जाता येतं. फाइल प्रत्यक्ष मापाला ३०० ते ३६० पिक्सेल प्रति इंच ठेवा. ७×९ ला ३६० ने २५२० गुणिले ३२४० पिक्सेल होतात, म्हणजे जेमतेम आठ मेगापिक्सेल. बऱ्याच मोबाइलचा कॅमेरा इथे पुरतो.

काळं-पांढरं करा, १६-बिटमध्येच ठेवा आणि जे काही उजळायचं, दाबायचं ते फाइलमध्येच करून घ्या. एन्लार्जरखाली हात हलवत केलेलं डॉजिंग आणि बर्निंग दर प्रिंटला थोडं वेगळं येतं. फाइलमधलं पन्नासाव्या प्रिंटलाही तेच. धार वाढवताना हात आखडता घ्या. कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये लेन्सची मऊपणाची माफी नसते, जास्तीची धार पांढऱ्या कडांसारखी उठून दिसते. मोठं सपाट आकाश असेल तर अगदी बारीक ग्रेन घाला. त्याने छटा तुटत नाहीत आणि प्रिंटरचे पट्टेही लपतात.

चित्राच्या बाहेर, समासात, दोन गोष्टी कायम ठेवा: राखाडी पट्टीची छोटी प्रत आणि एक ओळ मजकूर, ज्यात फोटोचं नाव, तारीख आणि कर्व्हचं नाव असेल. पट्टीमुळे प्रत्येक प्रिंटबरोबर साखळीची तपासणी होते. मजकुराचा उपयोग पुढे दिशा तपासायला होईल.

मग कर्व्ह, मग उलटं, मग आडवा आरसा, म्हणजे चित्राच्या डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल. आरसा का? निगेटिव्हची शाईची बाजू खाली, कागदाच्या इमल्शनला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराला, टेकलेली हवी. फिल्मची जाडी मध्ये आली तर प्रकाश पसरून तपशील मऊ होतो. म्हणजे वरून बघताना आपण फिल्मच्या पाठीतून बघतो. शाईच्या बाजूने आरशासारखं उलटं छापलेलं चित्र पाठीतून सुलट दिसतं. समासातला मजकूर वरून सरळ वाचता येत असेल तर निगेटिव्ह बरोबर ठेवली आहे.

फिल्मचा कोरा समास प्रिंटमध्ये काळा येतो. काहींना ती काळी चौकट आवडते. पांढरा समास हवा असेल तर काळ्या पुठ्ठ्यात खिडकी कापून ती चौकटीसारखी वर ठेवा. समासही शाईने भरून काढणं म्हणजे बाटल्या रिकाम्या करण्याचा सोपा उपाय.

छपाईच्या दिवशी काच दोन्ही बाजूंनी पुसा, निगेटिव्हवर ब्लोअर मारा, मऊ ब्रश फिरवा. फिल्मवर स्थिर वीज बसते आणि ती धूळ ओढते. हिवाळ्यात कोरड्या हवेत जास्तच. सेफलाइटखाली, म्हणजे कागदाला न बाधणाऱ्या मंद दिव्याखाली: फोम, कागद इमल्शन वर, निगेटिव्ह शाई खाली, काच. मूळ एक्स्पोजर. डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर, पाणी.

सेफलाइटबद्दल एक सूचना. बाजारातले लाल एलईडी बल्ब सगळेच सुरक्षित नसतात. कागदाला आधी अगदी फिकट राखाडी येईल इतका प्रकाश द्या, मग सेफलाइटखाली त्यावर नाणं ठेवून पाच मिनिटं थांबा आणि डेव्हलप करा. नाण्याचा ठसा दिसला तर बल्ब बदला. कोऱ्या कागदावर ही चाचणी खोटा दिलासा देते, कारण आधी थोडा प्रकाश मिळालेला कागदच अशी गळती दाखवतो.

प्रिंटमध्ये दोष दिसला तर

आकाशात आडव्या रेषा: नोझल तपासा, प्रिंटहेड अलाइनमेंट करा. समान अंतरावर बारीक ठिपक्यांची रांग: प्रिंटरची दातेरी चाकं ओल्या शाईवरून गेली आहेत, कागदाचा प्रकार असा निवडा की थोडी कमी शाई पडेल, किंवा ड्रायव्हरमध्ये सुकण्याचा वेळ वाढवायची सोय असेल तर ती वापरा. एका कोपऱ्यात चित्र अस्पष्ट: काच तिथे दाबत नाही, फोम बघा. सगळीकडे बारीक दाणेदारपणा: ग्रेड आणखी मऊ करता येते का बघा, किंवा मॅट फायबर कागद वापरा, त्याचा पृष्ठभाग ठिपके झाकतो. एरवी नीट येणारी प्रिंट अचानक गडद किंवा फिकी: फोटोकडे बघू नका, समासातली पट्टी मागच्या प्रिंटच्या पट्टीशेजारी धरा. पट्टी बदलली असेल तर डेव्हलपर थकला आहे, बल्ब बदललेला आहे किंवा शाईची बाटली वेगळी आहे. पट्टी तीच असेल तर दोष फाइलमध्ये.

सायनोटाइपकडे वळायचं असेल तर

जॉन हर्शेलची १८४२ सालची ही निळी पद्धत स्वस्त आहे, डार्करूम लागत नाही, ऊन लागतं, आणि ते आपल्याकडे आठ महिने फुकट आहे. पण वर काढलेला कर्व्ह तिला लागू होत नाही. सायनोटाइपचं रसायन अतिनील किरणांनी बदलतं, आणि डोळ्यांना ठार काळी दिसणारी डाय शाई त्या किरणांना बऱ्यापैकी वाट देऊ शकते. उलट हिरवी, पिवळी किंवा नारिंगी शाई काळीपेक्षा जास्त अडवते असं अनेकदा दिसतं. म्हणून तिथे आधी रंगांच्या चौकोनांचा एक तक्ता फिल्मवर काढून छापायचा, सगळ्यात पांढरा आलेला रंग शोधायचा आणि निगेटिव्ह त्या रंगात काढायची. पुढच्या तीन चाचण्या अगदी याच. ऊन मात्र तासागणिक बदलतं, त्यामुळे सेकंद स्थिर ठेवणं अवघड. मोजणीपुरते तरी अतिनील एलईडीचे दिवे वापरा, आणि ते लावताना डोळ्यांवर योग्य चष्मा घाला.

कागद हाताने लेप देऊन वाळवलेला असतो आणि पावसाळ्यात तो कधी पूर्ण कोरडा होत नाही. निगेटिव्ह आणि कागद यांच्यामध्ये अगदी पातळ पॉलिस्टर फिल्म ठेवा, नाहीतर लेप निगेटिव्हला चिकटतो आणि डाग पडलेली निगेटिव्ह धुता येत नाही. वापरून झालेल्या निगेटिव्ह, मधे एकेक कोरा कागद घालून, सपाट, उजेडापासून लांब ठेवा. डाय शाई उजेडात विटते. वर्षभराने तीच निगेटिव्ह छापायला घेतलीत तर आधी तिच्या समासातली पट्टी छापून बघा, आणि ती सरकलेली असेल तर फाइल उघडून नवी काढा.